उकडलेल्या शेंगा

न्यू जर्सीतून अटलांटाला येऊन आम्हाला आठ-नऊ दिवस झाले असतील. घरात अजून खोकी तशीच पडलेली, कुठल्या खोक्यात कुकरची शिट्टी आहे ते कुणालाच माहीत नाही, आणि मी भर दुपारी गाडीत गॅस, म्हणजे आपलं पेट्रोल, भरायला थांबलेले. ऑगस्ट महिना, गाडीतून उतरलं की ओला टॉवेल तोंडावर टाकल्यासारखी हवा. पाण्याची बाटली घ्यायला आत गेले तर काउंटरच्या बाजूला एक भलामोठा स्लो कुकर रटरटत होता, आणि त्याला मार्करनं लिहिलेला पुठ्ठा चिकटवलेला, बॉइल्ड पीनट्स. शेजारी दुसरा कुकर, त्यावर लिहिलेलं केजन, म्हणजे तिखटाचा. मी झाकण उचललं आणि तो वास आला. ओली माती, मीठ आणि थोडासा धूर. धूर अर्थात तिथं नव्हता, तो मीच घातला.

आमचं गाव कराडच्या बाजूला. दसरा आणि दिवाळीच्या मधे भुईमूग निघायचा. वेल उपटून, मातीसकट झटकून ढीग लागले की बायका गोल करून बसायच्या शेंगा तोडायला, आणि त्या गोलात गावातल्या समद्या सुना आणि समद्या सासवा तोडून व्हायच्या. आम्ही पोरं मधेमधे लुडबुडायला. त्यात पलीकडच्या वस्तीवरच्या एक मावशी होत्या, त्यांचा हात इतका चालायचा की नुसतं बघत बसावं. दिवस मावळताना घमेल्यानं मोजून ज्याचा त्याचा वाटा. वाट्याशिवाय ओटीत चार मुठी जास्तीच्या जायच्या, आजोबा ते बघून न बघितल्यासारखं करायचे आणि आजी न बघता सुद्धा बघायची, पण बोलायची कोण नाही.

मग रात्री परड्यात तीन दगडांची चूल, त्यावर सगळ्यात मोठं पातेलं, धुतलेल्या ओल्या शेंगा, मूठभर खडेमीठ, वर ताट आणि ताटावर दगड. तो दगड कशासाठी असतो मला आजतागायत कळलेलं नाही. शेंग हातात घेतली की आधी फोडायची नाही, ओठात धरून आतलं खारट पाणी चुरकन ओढायचं आणि मग फोडायची. हे मला त्या वस्तीवरच्या मावशींनी शिकवलं. मला सोलून दिलेली शेंग आवडत नाही, कुणी प्रेमानं पुढं केली तरी नाही. आणि एक खवट दाणा शेवटी येतोच, मग ती चव घालवायला आणखी एक खावी लागते, ती चांगली निघते, मग चांगल्याच्या आनंदात आणखी एक. शेंगा संपतात त्या अशा, भुकेनं नाही.

तर मी गॅस स्टेशनवर एक कप घेतला. पैसे देताना काउंटरवरची बाई म्हणाली, हनी, यॉल न्यू हियर? मी एकटीच उभी होते, तरी यॉल. मला वाटलं माझ्यामागं कुणीतरी आहे, वळून पाहिलं. आता कळतं, यॉल म्हणजे आपलं ‘तुम्ही’. ‘तुम्ही कवा आला?’ म्हणताना समोरच्याच्या घरादाराला, मागं राहिलेल्या म्हाताऱ्यांना धरून विचारतो ना आपण, तसं. इंग्रजीत ‘तुम्ही’ नाही म्हणून शाळेत आम्ही हळहळायचो, ते इथं दक्षिणेत यांनी करून ठेवलंय आणि कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं.

न्यू जर्सीत चार वर्षांत शेजाऱ्यानं मला एकदा हॅलो केलं होतं, तेही माझी कचऱ्याची पेटी त्याच्या दारात गेली होती म्हणून. इथं दुकानाच्या रांगेत माणसं गुडघ्याच्या ऑपरेशनपासून सुरू होतात. कुठून आलात, घर घेतलं की भाड्याचं, मुलं किती, आणि मग तो प्रश्न, कुठल्या चर्चला जाता? पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी दचकले. नंतर लक्षात आलं, हे आपलं ‘कुणाची गं तू?’ आहे. गावात एसटीतून उतरलं की पारावरचा म्हातारा विचारायचा तेच. उत्तराशी त्याला फारसं घेणं नसतं, तुम्हाला कुठल्या तरी खणात ठेवलं की तो मोकळा. आता मी लिलबर्नच्या मोठ्या देवळाचं नाव सांगते. जाते वर्षातून एकदा, पण खण भरतो.

बाकी शहराचं म्हणाल तर पहिला महिना मी नुसती हरवत होते. पीचट्री स्ट्रीट आहे, तिच्या शेजारून वेस्ट पीचट्री जाते, मग पीचट्री सेंटर, पीचट्री डनवुडी, पीचट्री इंडस्ट्रियल, आणि पीचट्री कॉर्नर्स नावाचं आख्खं गाव. नवऱ्याला एकदा फोन करून सांगितलं, मी पीचट्रीवर उभी आहे, तर तो म्हणाला, म्हणजे अटलांटात आहेस एवढंच कळलं. आणि गंमत म्हणजे पीचचं झाड मला अजून एकही दिसलेलं नाही. जॉर्जियाला म्हणतात पीच स्टेट, पण पीच शेजारच्या साउथ कॅरोलायनात जास्त होतात. जॉर्जियाचं अधिकृत राज्यपीक भुईमूग आहे, १९९५ पासून. अमेरिकेतला साधारण निम्मा भुईमूग याच राज्यात पिकतो. पण गाडीच्या नंबरप्लेटवर शेंगेचं चित्र कोण लावणार, दिसायला पीच बरं.

मार्च संपता संपता पाइनचा पिवळा पराग पडायला लागला तेव्हा मला वाटलं आमच्या गाडीवर कुणीतरी भंडारा उधळलाय. येळकोट म्हणायचं बाकी होतं. खिडक्या, पायऱ्या, पोस्टाची पेटी, समोरच्याचं कुत्रं, सगळं पिवळं. लोक शिंकत शिंकत आकडे सांगतात, २०२५ च्या २९ मार्चला पोलन काउंट १४,८०१ झाला होता, क्रिकेटचा स्कोअर सांगावा तसं. आणि बर्फाचं तर विचारूच नका. दोन इंच पडला की शाळा बंद, ब्रेड गायब. न्यू जर्सीच्या मैत्रिणी हसतात. मीही हसायचे, पण मग इथल्या जुन्या लोकांनी जानेवारी २०१४ चं सांगितलं, दोन-अडीच इंचांत शहर असं अडकलं की माणसांनी रात्र हायवेवर गाडीत काढली आणि मुलं शाळेतच झोपली. तेव्हापासून मी पण ब्रेड आणते. आम्ही पोळ्या खातो, तरी आणते.

गोड चहाबद्दल मी लिहिणार नाही. गार, बर्फ घातलेला, आणि इतका गोड की उसाच्या पट्ट्यातली मी, मला ठसका लागला.

हां, शेंगा. तर मी शेंगांचं इतकं लावून धरलं की गेल्या सप्टेंबरात एका शनिवारी नवरा म्हणाला चल बाई, तुला शेंगांच्या पंढरीला घेऊन जातो. प्लेन्स. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर, त्यांचं गाव. आमच्या घरापासून तीन-साडेतीन तास दक्षिणेला, आणि मेकन मागं पडलं की मग लाल माती, सपाट रानं, उपटून उलटे टाकलेले भुईमुगाचे वेल वाळत पडलेले, मैलोगणती. खिडकी खाली केली. लेक मागून ओरडली, एसी जातोय. जाऊ दे म्हणलं.

प्लेन्समध्ये सहाशे सुद्धा वस्ती नाही. रस्त्याकडेला तेरा फुटी शेंग उभी आहे, कार्टरसारखी दात काढून हसणारी, १९७६ च्या निवडणुकीच्या वेळची. आम्ही तिच्याबरोबर फोटो काढले, शेंगदाण्याचं आईस्क्रीम खाल्लं, ते ठीकच होतं, कुटाची सवय असलेल्या माणसाला त्यात काय. पण कार्टर पाच-सहा वर्षांचे असताना शेतातल्या शेंगा स्वतः उपटून, धुवून, उकडून याच गावच्या रस्त्यावर पुड्या विकत फिरायचे हे मला माहीत नव्हतं. आणि त्याहून माहीत नव्हतं ते त्यांच्या आईचं. मिस लिलियन. नर्स होती. १९६६ साली, वयाच्या ६८ व्या वर्षी, पीस कॉर्प्समधून, म्हणजे परदेशात सेवेला माणसं पाठवणाऱ्या अमेरिकन सरकारी संस्थेतून, ती बाई भारतात गेली. आणि भारतात कुठं, तर विक्रोळीला! गोदरेजच्या कॉलनीतल्या दवाखान्यात काम केलं. माझा मामा कन्नमवार नगरला राहतो, आख्खी मे महिन्याची सुट्टी मी विक्रोळीत लोळून काढलेली. मी मामाला तिथूनच व्हिडिओ कॉल केला, तिकडं रात्रीचे साडेअकरा, मामा बनियनवर. म्हणलं, मामा, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षाची आई तुमच्या विक्रोळीत राहिलेली. मामा म्हणाला, असेल, इथं जागा स्वस्त होती तेव्हा.

परत येताना अमेरिकस नावाच्या गावाबाहेर (हो, गावाचं नावच ते) एका झाडाखाली टपरी दिसली. टपरी म्हणजे एक पिकअप, ताडपत्री, गॅसच्या शेगडीवर काळंकुट्ट पातेलं आणि फोल्डिंगच्या खुर्चीत एक काळे आजोबा, पंचाहत्तरीच्या पुढचे, टोपी नीट बसवलेली. मी उतरले. आजोबांनी आधी एक शेंग चमच्यावर माझ्यापुढं धरली, खाऊन बघा मग घ्या. मी ओठात धरून पाणी ओढलं आणि मग फोडली. ते बघत होते. म्हणाले, तुम्हाला कुणी शिकवलं, मॅम? मी म्हणलं, आमच्याकडं पण पिकतात. त्यांना ते पटायला जरा वेळ लागला, मग आम्ही दोघं अर्धा तास नुसतं भुईमुगावर बोललो. लहानपणी ते दुसऱ्याच्या रानात वेल झटकायला जायचे, मग वेल खांबाला रचायचे वाळायला, हातांना चिकट काळं लागायचं ते आठवडाभर निघायचं नाही. पुढं अटलांटात तीस वर्षं बस चालवली, आता रिटायर होऊन गावी. मी विचारलं दगड ठेवता का झाकणावर? म्हणाले, वीट.

मग ते म्हणाले, यॉल राहता कुठं? मी म्हणलं, वर, कमिंगला, फोरसाइथ काउंटी. शाळा चांगल्या आहेत ना तिकडं.

ते पातेलं ढवळत राहिले. म्हणाले, मी एकदाच गेलोय कमिंगला. सत्याऐंशी साली. वॉक करायला.

मी उत्साहानं म्हणलं, हो हो, ग्रीनवे फार छान आहे, आम्ही पण रोज जातो वॉकला, यॉल परत या ना, आता तर आणखी वाढवलाय.

आजोबा माझ्याकडं बघून इतके मोठ्यानं हसले की लेक गाडीतून बाहेर आली. टोपी काढून डोळे पुसले. आणि माझ्या पिशवीत एक वगराळं जास्तीचं ओतलं, पैसे न घेता.

गाडीत नवरा म्हणाला, ते एवढे का हसले? तो गाडी चालवत होता म्हणून मीच फोनवर बघितलं. १९१२ साली फोरसाइथमधनं काळ्या लोकांना हाकलून दिलं होतं, अकराशेच्या आसपास माणसं, रात्री घरांवर गोळीबार, चर्च जाळून. पुढं पंचाहत्तर वर्षं तिथं जवळपास एकही काळं घर नव्हतं. जानेवारी १९८७ मधे अटलांटातून बसेस भरभरून माणसं कमिंगला गेली, वीस हजारांचा मोर्चा निघाला. तो वॉक. १९८७ हे माझं जन्मसाल.

मी मोठ्यानं वाचून दाखवलं. गाडीत जरा वेळ कुणी काही बोललं नाही. आमच्या गल्लीत तेलुगू आहेत, गुजराती आहेत, आम्ही दोन मराठी घरं, एक कोरियन. दिवाळीला पणत्या लागतात तेव्हा बघण्यासारखं असतं. घर घेताना आम्ही शाळेचं रेटिंग बघितलं, तळघर बघितलं, पूर्वेला दार आहे का ते सुद्धा बघितलं.

नवरा शेवटी म्हणाला, आता आपण काय करणार त्याला, १९१२ ला आपले पणजोबा कराडला बैल हाकत होते. मग त्यालाच सुचलं आणि हसला, म्हणाला, आपण शेंगा खाल्ल्या नाहीत, आपण टरफलं उचलणार नाही.

मी पण हसले. आमच्या शाळेत दर १ ऑगस्टला दहा तरी पोरं तेवढंच भाषण करायची, तेवढंच पाठ असायचं. मागं लेकीला झोप लागली होती. मांडीवर माझ्या टरफलांचा हा एवढा ढीग.