आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं शहर कुठलं? आधी हद्द सांगा

मी नायजेरियात, लागोसला असतो म्हटलं की पुण्यातले मित्र लगेच विचारतात, "आफ्रिकेतलं सगळ्यात मोठं शहर ते हेच ना?" आणि नेटवर बघायला गेलं तर एका यादीत लागोस पहिलं, दुसरीत कैरो, तिसरीत किन्शासा. कोण बरोबर? माझ्या मते तिघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात, सगळी भानगड हद्द कुठे धरली आणि माणसं शेवटची कधी मोजली यातच आहे.

कैरोचं त्यातल्या त्यात सोपं आहे. इजिप्तमध्ये 2017 ला जनगणना झाली, कैरो प्रांतात साधारण 95 लाख लोक निघाले. पण नाईल ओलांडली की गिझा, पिरॅमिडवालं, तो कागदावर वेगळा प्रांत, आणि उत्तरेचं शुब्रा अल-खैमा तिसऱ्याच प्रांतात. मेट्रोची दुसरी लाइन शुब्राहून निघते, कैरोच्या पोटातून जाते आणि नदीपार गिझात नेऊन सोडते, रोज त्यातून जाणाऱ्याला कसला प्रांत नि कसलं काय. हे सगळं एकत्र धरलं की आकडा 2 कोटींच्या वर जातो. मुंबई, ठाणे, वसई-विरार आपण वेगळे मोजतो, पण लोकल एकच, तसंच हे.

किन्शासाचं, म्हणजे काँगोच्या राजधानीचं, उलटं. प्रांताची हद्द जवळजवळ 10 हजार चौरस किलोमीटर, त्यातला बराच भाग निव्वळ ग्रामीण, म्हणजे हद्द ऐसपैस पण मोजणीच नाही. काँगोची पूर्ण जनगणना एकदाच झालीय, 1984 ला, देशाचं नाव झाईर होतं तेव्हा, आणि किन्शासात 26 लाखांच्या आसपास लोक मोजले गेले. त्यानंतर दोन मोठी युद्धं झाली, गावंच्या गावं उठली, शहर वाढतच गेलं आणि आज दीड कोटीच्या पुढचा अंदाज देतात. 40 वर्षांपूर्वीच्या मोजणीवर रेघ लांबवत लांबवत काढलेला आकडा आहे हा, तरी पहिल्या तिनात आहे.

आता लागोस. इथे सगळ्या शहराची मिळून एक महानगरपालिका असा प्रकारच नाही. लागोस हे राज्य आहे, त्यात 20 लोकल गव्हर्नमेंट, म्हणजे स्थानिक कारभाराचे भाग, त्यातली 16 मिळून शहर म्हणायचं, बरं तेही आता पुरत नाही कारण वस्ती इबादानच्या हायवेने पसरत पसरत शेजारच्या ओगुन राज्यात इबाफो, मोवेपर्यंत पोचलीय. आमच्या गोडाउनमधला एक जण मोवेहून येतो. पहाटे चारला घर सोडतो, काळे पट्टे मारलेल्या पिवळ्या डान्फोत, म्हणजे इथल्या मिनीबसमध्ये बसतो, दाराला लटकलेला कंडक्टर "ओशोडी, ओशोडी" ओरडत असतो आणि सुट्टे नसले की दोन पॅसेंजरना मिळून एकच नोट देतो, उतरा आणि तुमचं तुम्ही वाटून घ्या! मग ती दोघं अनोळखी माणसं रस्त्याच्या कडेला उभी राहून नोट मोडायला कोणी मिळतंय का बघतात. हा माणूस रात्री झोपतो ओगुनमध्ये म्हणून तिथला, पण दिवसभर रस्ता, पाणी, दवाखाना सगळं लागोसचं वापरतो. त्याला कुठे धरायचं?

आणि इथली जनगणना म्हणजे साधी गोष्ट नाही. केंद्राकडून राज्यांना जाणारा तेलाचा पैसा आणि संसदेतल्या जागा दोन्ही लोकसंख्येशी बांधलेल्या, त्यामुळे प्रत्येक वेळी वाद. 1973 ची जनगणना तर रद्दच केली. 2006 ला फॉर्ममधून धर्म आणि जमातीचा प्रश्न काढून टाकला, तरी निकालात उत्तरेचं कानो राज्य 94 लाख आणि लागोस राज्य 91 लाख आल्यावर गदारोळ झाला. लागोस सरकारने तेव्हा स्वतःची वेगळी मोजणी केली होती, ती म्हणत होती 1.75 कोटी. एकाच राज्याचे एकाच वर्षीचे दोन आकडे, जवळजवळ दुपटीचा फरक! संध्याकाळी थर्ड मेनलँड ब्रिजवर गो-स्लोमध्ये (ट्रॅफिक जॅमला इथे हेच म्हणतात) अडकलेल्या कोणालाही विचारा, 91 लाखांवर त्याचा विश्वास बसणार नाही. पण पैसा मिळणार असेल तर वाढवून सांगायचा मोह लागोसलाही होणारच, हेही मला मान्य आहे. त्यानंतर देशाची जनगणना झालीच नाही, 2023 ची ठरली होती ती पुढे ढकलली. म्हणजे आज 2006 नंतर जन्मलेली पोरं मतदानाच्या वयाला आलीत आणि एकदाही मोजली गेलेली नाहीत.

माझं काम औषधांच्या डिस्ट्रिब्युशनचं, त्यामुळे मला हे सगळं फार लागतं मनाला. मलेरियाची औषधं एखाद्या भागात किती पाठवायची हे ठरवायला तिथे माणसं किती हे माहीत पाहिजे ना. आम्ही मागच्या वर्षीच्या खपावरून अंदाज बांधतो, पण ज्याच्याकडे औषध घ्यायला पैसेच नव्हते तो खपात दिसतच नाही.

त्याच थर्ड मेनलँड ब्रिजवरून खाली खाडीत मकोको ही वस्ती दिसते, पाण्यात खांब ठोकून उभी केलेली लाकडी घरं, मध्ये होड्यांच्या गल्ल्या, मासे धुरावर भाजण्याचा वास वरच्या रस्त्यापर्यंत येतो. इथे लोक किती? कोणी 85 हजार म्हणतं, कोणी 3 लाख. 2012 ला सरकारने इथली घरं पाडायला घेतली होती, आणि मला वाटतं नीट आकडा नसलेली वस्ती पाडणं सोपं जातं, कारण किती जण बेघर झाले तेच कोणी छातीठोक सांगू शकत नाही. 2019 मध्ये मात्र तिथल्याच तरुणींना ड्रोन उडवायला शिकवून नकाशा करायचं काम झालं, त्याआधी नकाशात त्या जागी फारसं काही नव्हतंच, आता गल्ल्या दिसतात, घरं दिसतात. घरामागे माणसं किती हे अजून कोणीतरी होडीत बसून दारोदार जाऊन विचारायला पाहिजे, आणि ते काम सरकारचंच आहे.