पंच म्हणून कोर्टात साक्ष देताना: माझा अनुभव

पोलीस वस्तू जप्त करताना हजर असलेला त्रयस्थ साक्षीदार, म्हणजे पंच, म्हणून जप्ती पंचनाम्यावर केलेली सही विसरून गेल्यावर समन्स येते. माझी साक्ष सत्र न्यायालयात झाली. दंडाधिकाऱ्यांपुढेही क्रम तोच असतो. समन्सवरचा खटल्याचा क्रमांक ई-कोर्ट्स ॲपवर टाकला की पुढची तारीख आणि प्रकरण कुठल्या टप्प्यावर आहे ते दिसते. समन्स बजावल्यावर गैरहजर राहिल्यास वॉरंट निघू शकते. खरीच अडचण असेल तर समन्स आणणाऱ्या पोलिसाला तोंडी सांगून भागत नाही. सरकारी वकिलांमार्फत कोर्टाला लेखी कळवावे.

कोर्टात पोचल्यावर आधी सरकारी वकिलांना भेटायचे. ते पंचनामा वाचायला देतात. तो पाठ करू नये. जागा, वेळ, वस्तू कुठून निघाली, सील कोणी केले, लेबलवर कोणाच्या सह्या झाल्या, एवढे डोळ्यांपुढे आणावे. उलटतपासात, म्हणजे बचावाच्या वकिलांच्या प्रश्नांत, हमखास विचारतात, "आज पंचनामा वाचलात का?" वाचला असेल तर सरळ हो म्हणावे. त्यात गैर काही नाही. नाही म्हणणारा पुढच्या दोन प्रश्नांत सापडतो.

मग पुकारा होईपर्यंत बाहेर थांबणे आले, कारण दुसऱ्या साक्षीदाराची साक्ष ऐकू देत नाहीत. आरोपीला तुरुंगातून आणले नाही, बचावाचे वकील दुसऱ्या कोर्टात आहेत, जप्त वस्तू ठेवतात त्या मालखान्यातून मुद्देमाल आला नाही, अशा कारणांनी तारीख पडते. साक्षीदार हजर असताना विशेष कारण लेखी नोंदवल्याशिवाय तहकुबी देऊ नये असे कायदा सांगतो. कारण नोंदवले जाते, तारीखही पडते.

शपथेनंतर सरतपास, म्हणजे आधी सरकारी वकिलांचे प्रश्न. सरकारी वकिलांना उत्तर सुचवणारे प्रश्न एरवी विचारता येत नाहीत, म्हणून "पुढे काय झाले?" एवढेच विचारतात आणि हकिगत आपल्यालाच सांगावी लागते. साक्ष तिथेच टाइप होत असते, तेव्हा एक वाक्य बोलून थांबावे. पंचनाम्यावरची सही ओळखून मजकूर बरोबर असल्याचे सांगितले की पंचनाम्याला निशाणी क्रमांक, म्हणजे पुरावा म्हणून नोंदीचा क्रमांक, पडतो. नंतर जप्त वस्तूचे सीलबंद पाकीट समोर येते. सील आणि लेबलवरची आपली सही बघून मगच वस्तू ओळखावी. चाकूच घ्या, तसे चाकू बाजारात ढिगाने मिळतात. "हाच तो" कशावरून, याला त्या सहीइतके भक्कम उत्तर नाही.

आरोपीने वस्तू काढून दिल्याचा पंचनामा असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवावी. "याच चाकूने मी मारले" असे तो पोलिसांसमोर बोलला असला, तरी तो कबुलीचा भाग पुराव्यात घेता येत नाही. "चाकू मी अमुक ठिकाणी लपवला आहे, दाखवतो" हे, आणि त्यावरून तो खरोखर सापडला, एवढेच चालते. यासाठी पूर्वी पुरावा कायद्याचे कलम 27 होते, 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम 23. म्हणून कबुलीचा भाग सांगताना बचावाच्या वकिलांनी मध्येच हरकत घेतली तर गोंधळू नये, त्यांचा रोख आपल्यावर नसतो.

उलटतपास ऐकायला भीतीदायक, पण बराचसा ठरलेला. पंचनामा ठाण्यात बसून लिहिला, न वाचता सही केली, तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच आहात, असे आपल्याला सुचवले जाते. जे खरे नाही त्याला "हे म्हणणे खरे नाही" एवढेच पुरते. खुलासा करत बसलात की नवे प्रश्न तयार होतात. अंतर, वेळ, कपड्यांचा रंग आठवत नसेल तर "आठवत नाही" म्हणावे. बरेच पंच नेमके इथे अंदाज ठोकतात, आणि तो पंचनाम्याशी जुळला नाही की बाकीच्या साक्षीवरही शंका घेतली जाते.

सही माझी, पण कोऱ्या कागदावर घेतली, असे पंच म्हणाला तर सरकारी वकील त्याला फितूर, म्हणजे उलटलेला साक्षीदार, ठरवून उलटतपासाची परवानगी मागतात. तेवढ्याने जप्ती आपोआप बाद होत नाही; तपास अधिकाऱ्याची साक्ष विश्वासार्ह वाटली तर तिच्यावरूनही ती शाबीत होते. आता झडती-जप्तीचे दृकश्राव्य चित्रण कायद्यानेच बंधनकारक असल्याने असे पलटणे पूर्वीइतके सोपे राहिलेले नाही.

शेवटी टाइप झालेली साक्ष वाचून दाखवतात. कंटाळा आला तरी लक्ष देऊन ऐकावी, विशेषतः "नाही" हा शब्द जागेवर आहे का. चूक दिसली तर तेव्हाच सांगावी. न्यायाधीश ती दुरुस्त करतात किंवा तुमचा आक्षेप नोंदवून ठेवतात. नोकरी असेल तर हजेरीचा दाखला आणि प्रवासखर्चाचा भत्ता त्याच दिवशी कोर्टाच्या कारकुनाकडे मागावा. भत्ता मंजूर करणे कोर्टाच्या हातात असते आणि न मागता तो क्वचितच मिळतो.