दुसऱ्या क्रमांकाची जोडी

ब्रिस्टलला पदव्युत्तर शिक्षण घेत असताना वर्गातली एक मैत्रीण मला बाथ येथे एका बॉलसाठी, म्हणजे औपचारिक नृत्यसमारंभासाठी, घेऊन गेली. बॉल साधा नव्हता. १८११ ते १८२० या रीजन्सी काळातील (आजारी राजाच्या वतीने युवराज कारभार पाहत होता तो काळ) पोशाख करून यायचे आणि त्याच काळातील नाच नाचायचे, अशी अट होती. झुंबरांखाली गिरक्या घेणारी जोडपी डोळ्यांपुढे ठेवून मी होकार दिला. प्रत्यक्षात माझी बहुतेक संध्याकाळ मोजण्यात गेली.

बाथ ब्रिस्टलहून रेल्वेने जेमतेम पंधरा मिनिटांवर आहे. अठराव्या शतकात तेथील गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी इंग्लंडमधील पैसेवाली मंडळी येऊन राहत, आणि त्यांच्या संध्याकाळची सोय म्हणून १७७१ मध्ये वास्तुविशारद धाकट्या जॉन वुडने बांधलेल्या असेंब्ली रूम्स, म्हणजे नाच आणि गाठीभेटींची सार्वजनिक दालने, खुल्या झाल्या. आमचा बॉल मात्र तिथे नव्हता, जवळच्याच एका साध्या सभागृहात होता. दुपारी दोन तास शिकवणी आणि संध्याकाळी साडेसातला नाच, असा बेत होता.

त्या काळी सर्वांत जास्त नाचला जाणारा प्रकार म्हणजे कंट्री डान्स. पुरुषांची एक आणि स्त्रियांची एक अशा दोन लांब रांगा समोरासमोर उभ्या राहतात. जिथे वादक बसतात ते रांगेचे वरचे टोक. तिथून दोन-दोन जोड्यांचे गट पाडतात आणि प्रत्येक गटात एक जोडी पहिल्या क्रमांकाची, दुसरी दुसऱ्या क्रमांकाची ठरते. धून सोळा-सोळा पावलांच्या चार भागांची असते. ती एकदा वाजून संपली की पहिल्या क्रमांकाची जोडी एक जागा खाली सरकते, दुसऱ्या क्रमांकाची एक जागा वर, आणि प्रत्येकासमोर नवी माणसे येतात. पावले अवघड नाहीत, चालता येणाऱ्या कोणालाही जमतील. अवघड आहे ते आपण कोण आहोत हे लक्षात ठेवणे. कारण टोकाला पोहोचलेली जोडी एक आवर्तन नुसती उभी राहते आणि परत आत येताना तिचा क्रमांक बदललेला असतो. आमच्या शिक्षिकाबाईंनी हे तीनदा सांगितले. मी तीनदा मान डोलावली.

माझा पोशाख भाड्याचा होता: छातीच्या लगेच खाली कंबर असलेला पांढरा मलमलचा झगा आणि कोपरापर्यंतचे हातमोजे. अशी मलमल मुळात बंगालमधून युरोपात जाई. पुढे इंग्लंडच्या गिरण्यांनी तिची नक्कल करून बाजार काबीज केला, हे मी अभ्यासात वाचले होते. पण तिथे एका वृद्ध बाईंच्या खांद्यावर कोयऱ्यांची शाल पाहून मला राहवले नाही. मी कौतुक करताच त्या म्हणाल्या, "हे पेझ्ली." काश्मिरी शालींची नक्कल विणणाऱ्या स्कॉटलंडमधील गावाचे ते नाव. मी त्यांना कोयरी म्हणजे काय ते समजावले. त्यांनी तो शब्द दोनदा घोळवून म्हणून पाहिला, आणि दुसऱ्यांदा तो बराचसा जमलाही.

दुसऱ्याच नाचात कोणाचा तरी बूट माझ्या झग्याच्या काठावर पडला आणि वीतभर मलमल उसवली. मैत्रिणीने पर्समधून सेफ्टी पिन काढली. सेफ्टी पिनचे पेटंट १८४९ चे, त्यामुळे काटेकोर मंडळींच्या दृष्टीने हा गुन्हाच. टाके घालणारी एक बाई आमच्याकडे पाहत होती, तिने सौजन्याने मान फिरवली.

खरी फजिती चौथ्या नाचात झाली. माझे जोडीदार साठीच्या पुढचे, शेपटीचा कोट घातलेले, अत्यंत अदबशीर गृहस्थ होते. दुसऱ्या क्रमांकाने एकेक जागा चढत आम्ही वरच्या टोकाला पोहोचलो आणि आमचे रिकामे आवर्तन आले. नाचताना कोणाशी धड दोन वाक्ये बोलता येत नाहीत. सगळे संभाषण होते ते या उभे राहण्यात. पूर्वी तर वरची जोडी आधी सुरुवात करी आणि बाकीची रांग आपली पाळी येईपर्यंत ताटकळत राही, त्यामुळे एकेक नाच अर्धा तास सहज चाले. तेवढ्या वेळात लग्ने का ठरत असावीत, हे मला तिथे उभी असताना कळले. आम्ही मात्र माझ्या प्रबंधाविषयी बोललो. बोलता बोलता आवर्तन संपले, त्यांनी मला मधून खाली नेण्यासाठी हात पुढे केला आणि मी अजून दुसऱ्या क्रमांकाचीच असल्याच्या समजुतीने पहिली जोडी शोधत वर पाहत राहिले. वर दोन व्हायोलिनवाले होते. त्यातल्या एकाने वाजवता वाजवता भुवया उंचावून मला खालची दिशा दाखवली.

बाथचा प्रसिद्ध समारंभप्रमुख बो नॅश अकराच्या ठोक्याला नाच बंद करीत असे. राजकन्या अमेलियाने आणखी एका नाचाची गळ घातली तेव्हाही तो बधला नाही, असे सांगतात. आमचाही कार्यक्रम अकराला संपला, पण तो सभागृहाच्या भाडेकरारामुळे. झग्यावर जाड कोट चढवून आम्ही शेवटच्या गाड्यांपैकी एक पकडली. समोरच्या बाकावर चिप्स खात बसलेल्या मुलाने माझ्या हातमोज्यांकडे एकदा पाहिले आणि काही न विचारता पुडा पुढे केला. हातमोजे काढायला मला बराच वेळ लागला.