मोटार वाइंडिंगपासून बेकरीच्या भट्टीपर्यंत : आमची वाटचाल

सिंदेवाही तालुक्यातील आमचे दुकान मुळात धानाच्या शेतांतील पंपांच्या मोटारींचे वाइंडिंग करण्यासाठी उघडले होते. उन्हाळी धानाच्या दिवसांत हाताला उसंत नसे, परंतु मृग लागून पाऊस स्थिरावला की पंप बंद पडत आणि पुढचे तीन महिने दुकानाचे भाडे देणेही जड जाई. ही कसर भरून काढावी म्हणून आसपासच्या बेकऱ्यांच्या आणि वसतिगृहांच्या विजेच्या भट्ट्या दुरुस्त करण्याचे काम आम्ही घेऊ लागलो, आणि पहिल्याच पावसाळ्यात या कामाने आमचे अज्ञान उघडे पाडले.

एका बेकरीमालकांनी घरच्या रोवणीसाठी पंधरवडाभर भट्टी बंद ठेवली होती. ती पुन्हा सुरू करताच गळती ओळखणारा स्विच, ज्याला आमच्याकडे सरसकट ईएलसीबी म्हणतात, पडू लागला. मी मल्टिमीटर लावून भट्टी तापवणारे सहाही एलिमेंट तपासले. 2,000 वॉटच्या एलिमेंटला 230 व्होल्टवर जेवढा असावा तेवढाच, म्हणजे सुमारे 26 ओहम रोध प्रत्येकाचा भरला. मग एकेकाची तार सोडवून पाहिली, तिसरे सुटताच स्विच टिकला, म्हणून तेच खराब ठरवून नवे बसवले आणि पैसे घेतले. आठवडाभराच्या झडीत दोन दिवस भट्टी बंद राहिली आणि स्विच पुन्हा पडला. या वेळी पाचवे सोडवल्यावर तो टिकला. मालक रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘भाऊ, उरलेले चार कधी जाणार ते एकदाच सांगून द्या.’

त्या रात्री मोटारी तपासण्याचा मेगर, म्हणजे वीज बाहेर झिरपते का ते ओहममध्ये मोजणारे यंत्र (आकडा जितका कमी तितकी गळती जास्त), मी एलिमेंटांना लावला, आणि हे आधीच का सुचले नाही याची आजही लाज वाटते. मल्टिमीटरच्या आत लहानशी बॅटरी असते, तिच्या दाबाने ओलीतून होणारी गळती बहुधा उघडी पडत नाही. मेगर 500 व्होल्टचा दाब देतो. त्याने सहाही एलिमेंट गळत असल्याचे दाखवले. इतकेच नव्हे, तर दुकानातील खोक्यात पडून असलेले, कधीही न वापरलेले एक एलिमेंटसुद्धा कमी आकडा दाखवू लागले.

एलिमेंटच्या मध्यभागी नायक्रोमची तार असते, बाहेर स्टीलची नळी असते, आणि या दोहोंमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी दाबून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते आणि वीज अडवते, परंतु तिला हवेतील ओल शोषून घेण्याची खोड आहे. नळीच्या टोकांचे सील पिचले असेल, किंवा कोणी भट्टी पाइप लावून धुतली असेल, तर बंद भट्टीत ओल आत शिरते आणि तारेतून नळीकडे, म्हणजेच भट्टीच्या बॉडीकडे, थोडी थोडी वीज झिरपू लागते. एका एलिमेंटची गळती पाच-सहा मिलिअँपिअर असली तर 30 मिलिअँपिअरचा स्विच निमूट राहतो; सहांची बेरीज मात्र त्या मर्यादेपलीकडे जाते, आणि मग जे सोडवताच बेरीज मर्यादेखाली येते तेच दोषी भासते. मी नेमका याच बेरजेला फसलो होतो. भट्टी रोज तापत असली की तिच्याच उष्णतेने ओल उडून जाते, म्हणून ही तक्रार सुट्टीनंतरच्या पहाटे येते.

भिजलेली मोटार आम्ही फेकून देत नाही, वाळवतो. मग एलिमेंट का फेकावे, या विचाराने व्हार्निश वाळवण्याच्या आमच्या पेटीत ती सहाही एलिमेंट सुमारे 120 अंशांवर रात्रभर ठेवली. सकाळी पाचांचा आकडा चांगला वर आला होता. ती कोमट असतानाच टोकांना उष्णता सोसणारे सिलिकॉन भरले, कारण पूर्ण थंड झाल्यावर भुकटी पुन्हा हवेतील ओल ओढू लागते. सहावे वर आले नाही. त्याच्या नळीला वळणावर केसाएवढी चीर होती. पहिल्या एलिमेंटचे पैसे मी मालकांना परत दिले.

तेव्हापासून वाळवल्यावरही एक मेगाओम (दहा लाख ओहम) न दाखवणारे एलिमेंट आम्ही परत बसवत नाही, आणि नवा मालसुद्धा मेगर लावल्याशिवाय देत नाही. यात नव्या एलिमेंटांची विक्री कमी होते हे खरे, पण वाळवणीची मजुरी पावसाळाभर मिळते. काही गिऱ्हाइके मात्र ईएलसीबीच काढून थेट लाइन द्यायला सांगतात, किंवा अर्थिंगची तार सोडली की स्विच पडत नाही असे कौतुकाने दाखवतात. असे काम आम्ही कितीही ओळख असली तरी नाकारतो, कारण तार सोडल्याने गळती थांबत नाही. ती बॉडीवर वाट पाहत राहते आणि ओल्या हाताने दार उघडणाऱ्या माणसातून जमिनीत उतरते.

हाच प्रकार कोणी तार न सोडताही घडतो, हे आम्हाला वरोऱ्याच्या बाजूला गेल्यावर कळले. तिकडच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थिंगचा खड्डा कोरडा होतो आणि त्याची पकड सुटते. त्यामुळे स्विच पडत नाही, पण भट्टी झिणझिण्या देते, आणि मालक म्हणतात की स्विच ठीक आहे, म्हणजे भट्टीही ठीक आहे. म्हणून आता बाहेरगावी जाताना मेगरसोबत अर्थिंग तपासण्याचे यंत्रही गाडीत असते, आणि एलिमेंट उघडण्याआधी आम्ही खड्ड्यात दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा मोजणी करतो. मे महिन्यात ज्यांच्याकडे असे पाणी ओतले, त्यांतील बऱ्याच जणांची एलिमेंटे जूनच्या शेवटी, पावसाने जमीन भिजून स्विच पडू लागला की, आमच्या पेटीत वाळायला येतात.