पाठीचा आकडा चांगला, खुब्याचा वाईट

माझी कंबर विशीतच दुखायला लागली. पहाटे दुखण्यानेच जाग यायची, उठल्यावर तासभर पाठ आखडलेली असायची आणि चालायला लागलं की मोकळी व्हायची. पडून राहिल्याने वाढणारं, हालचालीने कमी होणारं दुखणं सहसा डिस्कचं नसतं, हे कळेपर्यंत बरीच वर्षं गेली. तोवर पट्टा, शेक, कडक गादी, सगळं करून झालं. अखेर एका ऱ्हुमॅटॉलॉजिस्टने, म्हणजे सांधेविकारांच्या डॉक्टरने, कमरेवर पेनाने १० सेंटिमीटरच्या अंतरावर दोन खुणा केल्या आणि ओणवं व्हायला सांगितलं. ते अंतर १५ च्या आसपास जायला हवं होतं, माझं १२ सुद्धा भरलं नाही. एचएलए-बी२७ ही, या आजाराशी जोडलेल्या जनुकाची, रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली, एमआरआयमध्ये माकडहाडाच्या वरच्या बाजूच्या दोन्ही सांध्यांलगत हाडाच्या आत सूज दिसली. अँकिलॉजिंग स्पॉन्डिलायटिस.

या आजारात मणके जुळतात हे तेव्हाच समजलं होतं. स्नायुबंध हाडाला जिथे चिकटतात तिथे दाह होतो, आणि तो भरून येताना तिथे नवं हाड तयार होतं. मणक्याच्या कडेवरून निघालेला असा पूल शेजारच्या मणक्याला जाऊन भिडतो. असे सगळे पूल जुळले की एक्स-रेत पाठीचा कणा बांबूसारखा, पेरापेरांचा दिसतो. त्यामुळे माझी समजूत अशी, की आपल्याकडे हाड जास्तच आहे, ठिसूळपणाची काळजी इतरांनी करावी.

पन्नाशीनंतर डॉक्टरांनी हाडांची घनता मोजायला, म्हणजे डेक्सा स्कॅनला पाठवलं. तपासणी अगदी सोपी, टेबलावर निवांत पडून राहायचं. रिपोर्टमध्ये कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी माणसाच्या हाडांशी तुलना करणारा आकडा, होता अधिक ०.९. घरी सगळे खूश. डॉक्टरांनी मात्र तो आकडा बाजूला ठेवून खुब्याचा पाहिला: उणे २.७. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली.

त्यांनी एक्स-रे लावून नीट समजावलं. डेक्साचं यंत्र शरीरातून आरपार जाणाऱ्या किरणांच्या वाटेत जेवढं कॅल्शियम येईल तेवढं सगळं मोजतं. माझ्या मणक्यांभोवतीचे पूलही त्यात धरले गेले, म्हणून आकडा फुगला. मणक्याच्या आतलं जाळीदार हाड, जे खरं वजन पेलतं, ते विरळ झालेलं. दाहात तयार होणारी टीएनएफसारखी रसायनं हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतात. आजार एकच, पण कडेला हाड चढवतो आणि आतून पोखरतो. हे ऐकून मी खरोखर हादरलो.

त्याच एक्स-रेत छातीमागच्या खालच्या भागातला एक मणका पुढून चेपलेला दिसला. तो कधी मोडला, पत्ता नाही. पाठ रोजच दुखते म्हटल्यावर वेगळं दुखणं ओळखायचं कसं? उंची कमी होत होती, पोक वाढत होतं, आणि आम्ही ते वयावर ढकलत होतो.

उपचारांत आधी ड जीवनसत्त्वाची कमतरता भरून काढली, दात तपासून घेतले, मग झोलेड्रोनिक ॲसिड या, हाडांची झीज रोखणाऱ्या औषधाचं वर्षातून एकदा घ्यायचं सलाईन. दुसऱ्या दिवशी सणसणून ताप आणि अंगदुखी. पहिल्या वेळी असं बऱ्याच जणांना होतं. दाह आटोक्यात आणण्यासाठी टीएनएफ रोखणारं इंजेक्शनही सुरू झालं. त्याआधी छातीचा एक्स-रे आणि टीबीची चाचणी झाली, कारण अंगात दडलेला टीबी या औषधाने उसळू शकतो. आपल्याकडे तर ही तपासणी कुणीही टाळू नये.

व्यायाम रोज करतो, पण पाठीवर पाय देऊन घेणं किंवा मान कडाकडा मोडून घेणं कायमचं बंद. जुळलेला कणा साध्या पडण्यानेही आडवा मोडू शकतो, बऱ्याचदा मानेच्या खालच्या भागात. साध्या एक्स-रेत ते सुटू शकतं, सीटी स्कॅन लागतो. म्हणून घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय आणि पाकिटात चिठ्ठीही ठेवलीय: मी पडलो तर मान सरळ करायला जाऊ नका. ती मुळात जेवढी वाकलेली आहे तशीच, खाली उशी देऊन, हॉस्पिटलमध्ये न्या, आणि आजाराचं नाव आधी सांगा.