वाचता, मग बोलत का नाही?

‘ग्रुपवर सगळं वाचता, मग एक शब्द का टाकत नाही?’ भेटणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी हे विचारतंच, आणि विचारताना आवाजात जरा संशय असतो. जणू मी दाराआड कान लावून बसलेली असते. आता तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

एक तर दाराआड मी एकटी नाही. वेबसाइटींच्या वापराचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये ऑनलाइन समूहांचा एक ढोबळ हिशेब मांडला होता: १०० जणांतले ९० नुसते वाचतात, ९ अधूनमधून तोंड उघडतात आणि उरलेला १ बहुतेक सगळं लिहितो. आमच्या ग्रुपांतला तो एकटा कोण, हे सांगायला मला हिशेबही लागत नाही.

वाचत बसलं की माणसं मात्र छान दिसतात. आलेलं न वाचताच पुढे ढकलणारे. वाद पेटवून स्वतः गायब होणारे. ‘मला यात पडायचं नाही, पण’ म्हणून चार परिच्छेद पडणारे. आणि आमचे अंगठेबहाद्दर! फेसबुकने २००९ मध्ये लाइकचं बटण आणलं आणि ‘वाचलं’, ‘आवडलं’, ‘बरं, कळलं’, ‘आता पुरे’ हे सगळं एका अंगठ्यात मावू लागलं. दुःखाच्या बातमीला अंगठा द्यायचा कसा, या पेचातून सुटायला २०१६ उजाडलं. तेव्हा कुठे रडका चेहरा मिळाला.

पण हे प्रकार माणसांचे म्हणावेत की जागांचे, असा मला प्रश्न पडतो. माझा एक सहकारी ऑफिसच्या ग्रुपवर ‘नोंद घेतली’च्या पलीकडे जात नाही. तोच शाळासोबत्यांच्या ग्रुपवर रात्री एक वाजता शेरोशायरी करतो, हे त्याच्या बायकोकडून कळलं.

माझं म्हणाल, तर चेहरा समोर नसला की माझी जीभ टाळूला चिकटते. बहुतेकांचं उलटं होतं. पडद्यामागे जीभ सैल सुटते, यावर मानसशास्त्रज्ञ जॉन सुलर यांनी २००४ मध्ये लिहिलं. त्या सैलपणात शिवीगाळ होते तशी मनातली दुखरी गोष्टही बाहेर येते, हे त्यांनीच नोंदवलंय. मी बोलताना समोरच्याच्या भुवया बघत वाक्य अर्ध्यात वळवते. भुवयाच नाहीत तर वळवू कुठे?

मागच्या वर्षी एका मैत्रिणीने ग्रुपवर लिहिलं, ‘बाबा गेले.’ एवढंच. पाच मिनिटांत हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली. मी ‘फार वाईट झालं’ लिहिलं, पुसलं. ‘काही लागलं तर सांग’ लिहिलं. ते तर तिच्यावरच काम टाकल्यासारखं वाटलं, पुसलं. मग तिच्या बाबांची एक आठवण लिहायला घेतली. ते आम्हा दोघींना सायकलवर डबलसीट बसवून, स्वतः पायी ढकलत न्यायचे. लिहून होईपर्यंत खाली आणखी वीस हात जोडले गेले होते आणि त्यांच्यात ती सायकल अगदी विचित्र दिसली असती. तीही पुसली. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपमध्ये आपण वाचल्याची खूण लपवता येत नाही, त्यामुळे ‘हिने वाचलं आणि गप्प राहिली’ हे तिला दिसणार, याची टोचणी वेगळीच.

रात्री फोन केला. तिने उचलला, आणि मी काही बोलायच्या आत म्हणाली, ‘दुपारी किती वेळ टाइप करत होतीस गं? वर तुझं नाव येत होतं, जात होतं. मी तेच बघत बसले होते.’

मग मी तिला सायकलची आठवण सांगितली. ती हसली, मग रडली, मग म्हणाली, सायकल ढकलत नव्हते, चेन पडली होती.