सातच उठबशा

मे महिन्यातल्या नागपुरात दुपारी बारा वाजता कुणाला व्यायाम द्यायला जाऊ नये, हे कळायला पदवी लागत नाही. मी पदवी घेऊन गेले. फिजिओथेरपी संपवून जेमतेम वर्ष झालेलं, सकाळच्या वेळा सगळ्या गुडघेवाल्यांनी धरून ठेवलेल्या, त्यामुळे ताईंच्या वाट्याला दुपार आली.

ताई एका सहकारी बँकेत कॅशियर होत्या. वय ४२, एमएस, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा नसांचा आजार होऊन आठ वर्षं झालेली. सुरुवात बोटांपासून झाली. नोटा मोजताना हातात मोजे घातल्यासारखं वाटायचं. एकदा संध्याकाळी कॅश कमी भरली, ती पदरची घालावी लागली. मग मानेचा एक्स-रे, मग बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं, आणि उजव्या डोळ्यापुढे धुरकट झालं तेव्हा कुठे एमआरआय. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूतल्या नसांवरचं मायलिनचं आवरण कुरतडते. वायरवरचं प्लास्टिक सोलावं तसं. गल्लीत मात्र अजूनही "त्यांना पॅरालिसिस झाला ना" असंच म्हणतात.

पहिल्याच आठवड्यात मी त्यांच्या फाईलमध्ये "मोटिव्हेशन कमी" असा शेरा मारला होता. कारण एवढंच, की खुर्चीवरून दहा वेळा उठ-बस सांगितली की ताई सात करून थांबायच्या. "आज एवढंच, डॉक्टर." मग मी माझं ठरलेलं सुरू करायची: पॉझिटिव्ह राहा, मनावर घेतलं तर सगळं होतं. त्या ऐकून घ्यायच्या आणि आठवी काही करायच्या नाहीत.

त्या दिवशी मी पोचले आणि दहा मिनिटांत लाईन गेली. कूलर घरघरत थांबला. खिडकीतून नुसती झळ. मी हट्टाला पेटले होते, आज दहा करायच्याच. ताईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि उठल्या. बहुधा माझ्या तोंडाला कंटाळून. नवव्याला डावा पाय थरथरला. दहाव्याला बसल्या त्या बसल्याच.

"उजव्या डोळ्यानं तू दिसेनाशी झालीस," त्या म्हणाल्या. आवाज असा, की पेनातली शाई संपली म्हणून सांगताहेत.

माझ्या पोटात गोळा आला. आजाराचा नवा अटॅक, भरती, स्टेरॉईड... मी न्यूरॉलॉजिस्टचा नंबर शोधायला लागले.

"फोन राहू दे. फ्रीजमधला दुपट्टा आण. आणि घड्याळ बघून ठेव."

फ्रीजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी, ओला दुपट्टा घडी घालून ठेवलेला होता. तो मानेवर टाकला, मनगटं थंड पाण्यात बुडवली, आणि आम्ही बसून राहिलो.

तेवढ्या वेळात मला उथॉफ आठवला, परीक्षेत ज्याच्यावर टीप लिहिली होती तो. व्यायामानंतर रुग्णांची नजर मंदावते, असं या जर्मन नेत्रतज्ज्ञानं १८९० मध्ये नोंदवलं. त्याला वाटलं दोष श्रमांचा. खरा दोष उष्णतेचा, हे पुढे कळलं. सोललेल्या नसेतून संदेश आधीच कसाबसा जातो, अंग जरासं तापलं तरी अडतो. एमआरआय नव्हता त्या काळात तर निदानासाठी रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवत. म्हणजे मी त्या दुपारी जे केलं तेच, फक्त टबाशिवाय. अंग निवलं की हे उतरतं. नवा अटॅक असता तर २४ तासांहून जास्त टिकला असता.

सुमारे ४० मिनिटांनी ताईंना समोरच्या कालनिर्णयाचे मोठे आकडे दिसले. मग खालची बारीक तिथी.

"आता कोशिंबीर करू शकते," त्या म्हणाल्या, आणि मला बँकेची एक जुनी डायरी काढायला सांगितली. रोजची एक ओळ. तारीख, कूलर चालू की बंद, किती उठबशा. एप्रिलच्या सुरुवातीला अकरा होत्या. ऊन वाढलं तशा नऊ, मग सात. सातवर त्या उगाच थांबत नव्हत्या. सातनंतर संध्याकाळचा स्वयंपाक हातून होतो, दहानंतर होत नाही, हे त्यांनी मांडून ठेवलं होतं. समोरच्या पानावर इतर नोंदी. "२ भाकरी थापल्या." "रिक्षानं जाऊन वांगी आणली." आणि एका ठिकाणी, "शिलाई मशीन विकलं. रडले. पैसे बरे आले."

२०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, हेही मला त्यांच्याकडूनच कळलं. तो कायदा दाखवून त्यांनी बँकेत कॅश काउंटरवरून एसीजवळचं टेबल मागून घेतलं होतं.

मी सॉरी म्हटलं. "मला सगळे पॉझिटिव्ह राहा म्हणतात," ताई म्हणाल्या. "तू निदान मोजून तरी घेत होतीस. फक्त चुकीचं."

घरी येऊन फाईलमधला शेरा खोडला. त्या जागी काय लिहावं सुचेना, म्हणून नुसती वेळ लिहिली: सकाळी ६.३०. त्या वेळेच्या गुडघेवाल्या काकांना अकरावर ढकललं. ते आठवडाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.